शंभर फील्ड

दांडेकर पुलाजवळच्या दवाखान्यात, जिन्याखाली,
जिथे आधी खराटे आणि फिनेलचे कॅन असत
तिथे आता मी असते, मायक्रोस्कोप असतो
आणि एक पंखा, जो स्लाइड वाळवतो, मला नाही.

साडेआठला खिडकीत डब्या येतात.
जनता वसाहतीतून, कालव्याच्या कडेकडेनं,
कुणी पदराखाली, कुणी दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
जणू झाकण उघडलं तर घराचं नाव जाईल.

बघायला मला निकाळजेकाकांनी शिकवलं.
एकतीस वर्षं ह्याच स्टुलावर.
"सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस, पोरी.
हा हिवतापाचा बघ, तांबड्या पेशीत
अंगठी घालून बसलाय, साखरपुडा झाल्यासारखा.
त्याला डास लागतो, डासाला गच्चीवरची उघडी टाकी.
टायफॉइडचा तोंडानं येतो,
गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या नळातून.
आणि गजकर्ण ही बुरशी,
ओल्या कॉलरवरसुद्धा संसार थाटते."

"आणि डेंग्यूचा?"
"तो आपल्या भिंगाच्या ऐपतीबाहेरचा.
पट्टीवर रेघ उमटते, तिच्यावर विश्वास ठेवायचा."
"देवावर ठेवतो तसा?"
"नाही गं. वीजबिलावर ठेवतो तसा."

क्षयाबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलायचे.
निळ्या मैदानावर लाल काडी, जराशी वाकलेली.
घाई म्हणून नाही त्याला.
फुप्फुसात जुन्या पेठेतल्या भाडेकरूसारखा राहील,
वीस वर्षं, आवाज न करता;
मालक थकला की सगळी जागा त्याची.
आम्ल ओतलं की बाकीच्यांचा रंग उतरतो,
ह्याचा उतरत नाही. तीच त्याची ओळख.

"शंभर फील्ड मोजायची.
नव्व्याण्णव कोरी गेली तरी बूड हलवायचं नाही."

परवा मंगळवारी ४१७ नंबरची डबी.
खिडकीत कुणी नव्हतं, ठेवून गेलेले.
नाव नाही, नुसता आकडा,
आणि इंग्रजी सातच्या कमरेत आडवी रेघ.
मागच्या कपाटातली सगळी रजिस्टरं
ह्याच सातांनी भरलेली आहेत.

लाल ओतला. खालून पेटता बोळा फिरवला, वाफ येईपर्यंत.
आम्ल. पाणी. निळा. पाणी.
पंख्याखाली स्लाइड उभी केली
आणि दुसऱ्याच कुणाचं तरी काम काढून बसले.

मग तेलाचा थेंब.
दहा, कोरं. तीस, कोरं.
चाळीसला मी मास्कच्या आत हसले.
पन्नास. चहावाला येऊन गेला.
इथे उठले असते तर काका निरोगी होते.

एक्कावन्न: एक. पुसट. रंगाचा कण असेल म्हणून
फोकस चारदा फिरवला. कण वाकत नाही.
सदुसष्ट: दोन.
त्र्याऐंशीला तीन, जोडाक्षरासारखे एकमेकांत अडकलेले.
शहाण्णवला एक.
शंभर.

रजिस्टरमध्ये लिहिलं: अल्प, 7.
रेघ मारून झाल्यावर दिसलं
की सातच्या कमरेत रेघ मीही मारते.
केव्हापासून, कुणास ठाऊक.
हे कशातून पसरतं, हवेतून की स्पर्शातून,
ते भिंतीवरच्या तक्त्यात नाही.

बुधवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, मास्क,
रांगेत बाराव्या नंबरला, एका बाळंतिणीच्या मागे.
मी आत बोलावलं तर मान हलवली: रांग आहे.
नंबर आल्यावर रिपोर्ट मागितला नाही.

"सगळी मोजलीस?"
"शंभर."
"कितव्याला उठावंसं वाटलं?"
"पन्नासला."

ते हसले. हसता हसता खोकले,
तोंड वळवून, कोपरात, नियमाप्रमाणे,
आणि कोपर धरलेलं असतानाच दुसऱ्या हातानं
खिडकीतली मागच्या माणसाची डबी
माझ्याकडे सरकवली.
"झाकण नीट लागलेलं नाही बघ," म्हणाले.